अठ्ठ्याहत्तर टक्के

देवेंद्र सुपेकरला तुम्ही किती ओळखत होता, असे कुणी विचारले असते तर नानासाहेबांनी मान खाली घालून "तसा शेजारी," एवढेच सांगितले असते. नऊ वर्षे दोन्ही घरे समोरासमोर. सुदामा नगरातली ती गल्ली इतकी अरुंद, की इकडची फोडणी तिकडच्या बैठकीत ठसका लावी. तरीही देवेंद्रबद्दल ठामपणे सांगता येतील अशा गोष्टी नानासाहेबांकडे तीनच होत्या. अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावर त्याचे झेरॉक्सचे दुकान होते. नवराबायको फार देवभोळी होती, कारण मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पाचला दोघे गाडी काढून जात ती दहा वाजून गेल्यावर परत येत. आणि त्याची बायको मंजिरी जरा शिष्ट होती. आली तरी दारातच उभी राही आणि चहाला कधी हात लावत नसे.

यातले दुकान तेवढे खरे होते.

पहाटेची फेरी देवळाची नव्हती, डायलिसिसची होती. चार वर्षे चालली होती. चहा मंजिरी घेत नसे, कारण तिला दिवसाचे पाणी मोजून मिळे. खुणा केलेली पाऊण लिटरची बाटली, त्यातच औषधाचे घोट, त्यातच जेवणातले वरण. नानासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हे ठाऊक असणार. "शिष्ट आहे ती समोरची," असे नानासाहेब एकदा म्हणाले होते, तेव्हा त्या नुसत्या "असू द्या हो," म्हणाल्या होत्या. कुणाचे दुखणे चव्हाट्यावर मांडायची त्यांना सवय नव्हती, आणि नानासाहेबांना विचारायची नव्हती. रेल्वेच्या मालधक्क्यावर छत्तीस वर्षे कारकुनी केलेला हा माणूस मुळात बुजरा. भाजीवाल्यालाही भाव विचारताना त्यांना ओशाळल्यासारखे होई.

समोरच्या घरात एका फोनची वाट पाहिली जात होती, हेही त्यांना माहीत नव्हते. मंजिरीचे नाव दोन वर्षांपासून किडनी मिळण्याच्या यादीत होते. फोन आला की चार तासांच्या आत रुग्णालयात हजर व्हायचे, नाहीतर तो फोन यादीतल्या पुढच्या नावाला जायचा. म्हणून दोघांनी शहर सोडणे बंद केले होते. लग्ने चुकवली, मुंजी चुकवल्या, उज्जैनला सख्ख्या मावशीच्या तेराव्यालाही गेली नाहीत. नातेवाइकांत नाव खराब झाले ते झालेच.

गाडीसुद्धा त्याच बेताने घेतलेली. डायलिसिसनंतर रिक्षाचे धक्के मंजिरीला सोसत नसत, म्हणून देवेंद्रने एक जुनी, छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. विकणारा भला माणूस होता. "देखो भिया, नवी होती तेव्हा सव्वादोनशे चालायची. अब बैटरी थक गई. एकशे सत्तर धरा, एसी लावला तर त्याहून कम," असे त्याने आधीच सांगितले. त्यावर देवेंद्र हसून म्हणाला होता, "मला इंदूरच्या बाहेर जायचंच नाही. मोठी बॅटरी घेऊन करू काय?"

अडचण एवढीच, की देवेंद्रच्या घराला गाडी लावायला जागा नव्हती. नानासाहेबांच्या घराला पोर्च होता आणि त्यात मोठ्या पिनचा पॉइंट. लक्ष्मीबाई गेल्या त्याच्या आदल्या पावसाळ्यात देवेंद्र फाटकाशी येऊन उभा राहिला.

"नाना, एक विचारू? रात्री गाडी तुमच्या पोर्चमध्ये लावली तर चालेल? लाईटबिलाचं मी बघतो."

"लाव की."

"तुम्हाला त्रास?"

"छे."

झाले. एवढ्यावर पुढची दोन वर्षे गेली. सकाळी देवेंद्र वायर गुंडाळायला आला की नानासाहेब वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारत, "किती झाली?" तो काचेतून आत वाकून सांगे, "शंभर, नाना." कधी लाईट गेलेली असली तर नव्वद, पंच्याऐंशी. मग "बरं," आणि "येतो." दोन माणसांमध्ये बोलायला एक आकडा पुरतो, हे नानासाहेबांना त्याआधी माहीत नव्हते. लक्ष्मीबाई गेल्यावर तर काही दिवस असे गेले, की त्या दिवशी त्यांच्या तोंडून बाहेर पडलेले शब्द तेवढेच असत.

लक्ष्मीबाईंचे वर्षश्राद्ध चैत्रात आले. ते खेडीघाटला नर्मदेवर व्हावे असे नानासाहेबांच्या मनात होते. अस्थीही तिथेच सोडल्या होत्या. मुलगा हृषीकेश पुण्याहून येणार होता, त्याचे ऐनवेळी रद्द झाले. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळेना. बसने जावे तर गुडघे ऐकेनात. दोन दिवस विचार करून, मनात वाक्य चारदा घोळवून, शनिवारी सकाळी नानासाहेबांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा देवेंद्रकडे काही मागितले.

"उद्या खेडीघाटला जायचं होतं. म्हणजे, जमत असेल तर."

देवेंद्र वायर गुंडाळता गुंडाळता थांबला. नानासाहेबांना वाटले, याला नकोसे आहे. ते घाईघाईने म्हणाले, "राहू दे, राहू दे. मी बघतो दुसरं काहीतरी."

तेवढ्यात समोरच्या दारातून मंजिरी म्हणाली, "जाऊ या ना. काकूंचं आहे. आणि मीही येते."

"अगं, पण..."

"पण काय? दोन वर्षांत नाही आला, तो काय उद्याच येणार आहे? चार-पाच तासांत तर परत येऊ. मला नर्मदेची ओटी भरायची आहे."

काय 'आला नाही' हे नानासाहेबांना कळले नाही. विचारायचा धीर झाला नाही. विचारले असते तर त्यांनी हात जोडून नको म्हटले असते. हे पुढे त्यांनी स्वतःला किती वेळा सांगितले, त्याला गणती नाही.

त्या रात्री देवेंद्रने गाडी नेहमीसारखी लावली आणि पिन घातली. नानासाहेबांनी उद्याची पिशवी भरली: दर्भ, तीळ, पंचा, लक्ष्मीबाईंचा फोटो. मग झोपायला जाण्यापूर्वी त्यांनी घरातून एक फेरी मारली. गावाला जायचे असले की लक्ष्मीबाई आदल्या रात्री अशी फेरी मारत. सिलेंडर बंद, गीझर बंद, टीव्हीचे बटण बंद, मोटरचे बटण बंद. "घर सोडायचं तर एकही दिवा लाल दिसता कामा नये," असे त्यांचे म्हणणे. पंचेचाळीस वर्षे ते वाक्य ऐकलेल्या नानासाहेबांनी त्यांच्याच श्राद्धाला निघताना ते अगदी मनोभावे पाळले. पोर्चमध्ये एक लाल दिवा दिसत होता. तोही त्यांनी बंद केला.

सकाळी देवेंद्र काचेतून वाकला आणि म्हणाला, "अरे! अठ्ठ्याहत्तरच? नाना, रात्री लाईट गेली होती का?"

नानासाहेबांना तेव्हाच आठवले. बटण पाठीमागच्या भिंतीवर होते, रात्रीपासून बंद. ते पाठीनेच झाकून नानासाहेब उभे होते. मंजिरी हिरवी साडी नेसून, मांडीवर ओटीचे ताट घेऊन गाडीत बसलीही होती. पहिल्यांदा काही मागितले, आणि त्यातही हा असा बावळटपणा. सांगायला जीभ उचलेना.

"असेल," ते म्हणाले.

"चालेल. गुरुजींनी साडेनऊ दिलंय ना? येताना बडवाहला चार्जर आहे, तिथे तासभर लावू आणि जेवून घेऊ. टेन्शन नका घेऊ."

देवेंद्र वायर काढायला वळला तेव्हा नानासाहेबांनी हात मागे नेऊन बटण हळूच चालू केले. देवेंद्रने ते बघितले की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

प्रवास मात्र फार छान झाला, हे सांगायला हवे. मंजिरी लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली होती. सिमरोल ओलांडून भेरूघाटाचा उतार लागला तेव्हा देवेंद्र उत्साहाने म्हणाला, "आता आकडा बघा हां. उतारावर ही स्वतःच चार्ज होते." आणि खरेच, घाट उतरेपर्यंत पंचावन्नचे सत्तावन्न झाले.

"फुकट मिळालं म्हणून नाचू नका," मंजिरी म्हणाली. "येताना हाच घाट वसूल करेल."

"बघा नाना, कसं बोलते. हिला झेरॉक्सच्या दुकानावर बसवायला पाहिजे, एक कागद उधार नाही द्यायची."

नानासाहेब हसले. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

खेडीघाटला पोचले तेव्हा आकडा पंचेचाळीसवर होता. मंजिरीने ओटी भरली, नदीचे पाणी ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले आणि परत सोडून दिले. ऊन चढले तसे तिला चक्कर आल्यासारखे झाले, म्हणून देवेंद्रने तिला गाडीत एसी लावून बसवले. श्राद्धाला जवळजवळ दोन तास लागले. नानासाहेब पिंडावर तीळ सोडत असताना गाडीचे दार उघडले आणि मंजिरीची हाक आली. नाव घेऊन नाही. नुसतीच, "अहो!"

अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. फोन आला होता.

देवेंद्र धावला तेव्हाही नानासाहेबांना काही समजले नव्हते. गुरुजींना दक्षिणा देऊन, ओल्या पंच्यानेच ते गाडीकडे आले तर देवेंद्र स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून आकड्याकडे बघत होता. एकोणचाळीस.

"नाना, बसा लवकर. किडनी आली आहे. तीन-वीसपर्यंत पोचायचं आहे."

बाकीचे सगळे त्यांना पुढच्या पाच किलोमीटरमध्ये कळले. डायलिसिस, यादी, बाटली, चार तास. मंजिरी सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज थरथरत होता. भीतीने नव्हे. नानासाहेबांनी एवढा आनंद कुणाच्या आवाजात फार दिवसांत ऐकला नव्हता.

बडवाहचा चार्जर एका ढाब्याच्या अंगणात होता. त्यावर अंधार होता.

"लाईट नहीं है भिया," ढाब्यावरचा माणूस म्हणाला. "लाइन पे काम चालू है. बस, पंद्रह मिनिट."

हिशेब सोपा होता. समोर साठ किलोमीटर, त्यात चढाचा घाट. सदतीस टक्के पुरत नव्हते. थोड्यासाठीच, पण पुरत नव्हते. पंधरा मिनिटे थांबून अर्धा तास लावली तर आरामात पोचता येणार होते. पंधरा मिनिटे झाली. "बस, आई समझो," तो माणूस म्हणाला. देवेंद्र रस्त्यावर जाऊन गाड्यांना हात करू लागला. वरातीच्या गाड्या फुले लावून, गाणी लावून भरधाव जात होत्या. एक बस थांबली. तिचा कंडक्टर म्हणाला, इंदूर चार बजे. देवेंद्रने मंजिरीचा भाऊ विक्रांत याला फोन लावला. तो इंदूरहून त्याची गाडी घेऊन निघाला. सिमरोलला भेटायचे ठरले. म्हणजे आता नुसता घाट चढला की झाले. पण हे सुचायला, जमवायला आणि "बस, आई समझो" चार वेळा ऐकायला पन्नास मिनिटे गेली होती.

निघताना देवेंद्रने एसी बंद केला. "चाळीसच्या पुढे नेत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मागून ट्रक हॉर्न देत होते, ओव्हरटेक करून शिव्या देत होते. काचेतून येणारा वारा तव्यावरून यावा तसा होता. मंजिरीने बाटलीतल्या पाण्याने पदराचे टोक भिजवून ओठांवर धरले होते. नानासाहेब मागे बसून समोरचा आकडा वाचत होते. तेहतीस. तीस. सव्वीस. त्या प्रत्येक आकड्यात ते मनातल्या मनात बावीस मिळवत होते. पंचावन्न. बावन्न. अठ्ठेचाळीस.

घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग उभी होती. वरच्या वळणावर कांद्याचा ट्रक आडवा झाला होता.

"कब हुआ?" देवेंद्रने एका ड्रायव्हरला विचारले.

"साढ़े बारा की बात है. आधा घंटा हुआ."

नानासाहेबांनी मनात हिशेब केला. बडवाहला न थांबता निघालो असतो तर सव्वाबारालाच घाट चढून वर गेलो असतो. शंभर असती तर थांबावेच लागले नसते.

रांग मुंगीच्या पावलाने सरकत अर्ध्या चढापर्यंत आली आणि तिथे पुरती अडकली. एकदा मंजिरीची मान एका बाजूला कलली. देवेंद्रने निमूटपणे एसी लावला. आता उभ्या गाडीतला आकडा उतरू लागला. चौदा. बारा. नऊ. मंजिरी शुद्धीवर आली आणि पहिले काय बोलली तर, "बंद करा ते."

"पड गप."

"माझं काही होत नाही. बंद करा म्हणते ना!"

त्याने बंद केला. तिची मान पुन्हा कलली. त्याने लावला. असे किती वेळा झाले ते नानासाहेबांना आठवत नाही. त्यांना आठवतो तो त्यांच्याच तोंडाशी आलेला एक शब्द. 'देवेंद्र.' पुढचे वाक्यही तयार होते: बटण मी बंद केलं होतं. पण आत्ता सांगून या माणसाच्या हातात काय द्यायचे? आणि हे कारण खरे, की नुसता पळपुटेपणा, हे त्यांना तेव्हाही ठरवता आले नाही, नंतरही नाही.

अडीचला रुग्णालयातून फोन आला. "हां मॅडम, सिमरोल आलंच," देवेंद्र म्हणाला. "बस, आलोच. दुसऱ्याला नका ना लावू फोन. प्लीज मॅडम." फोन बंद झाल्यावरही तो काही वेळ कानाला धरून बसला होता.

पावणेतीनला पुढच्या गाड्यांचे दिवे लागले, इंजिने गुरगुरली आणि रांग सुटली. देवेंद्रने पाय दाबला. गाडी चढावर बैलगाडीसारखी वीस-तीस पावले गेली. आकड्याच्या जागी एक लाल खूण उमटली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मागून हॉर्नचा एकच कल्लोळ झाला. "अबे, साइड में ले!" "इलेक्ट्रिक है, इलेक्ट्रिक! धक्का मारो!" कुणीतरी हसलेही. देवेंद्र बाहेर पडून दोन्ही हातांनी चढावर गाडी ढकलू लागला. एकटाच. जणू घाट तो असाच चढवणार होता.

शेवटी एक मोटरसायकलवाला थांबला. "भाभी को कहां ले जाना है? बैठाओ." पुढे तो अनोळखी माणूस, मध्ये मंजिरी, तिला मागून आवळून धरलेला देवेंद्र. वर सिमरोलच्या चौकीपाशी विक्रांत गाडी वळवून उभा होता. मोटरसायकलवर बसताना मंजिरीने नानासाहेबांकडे बघून म्हटले, "काका, उन्हात उभे राहू नका. गाडीत बसा."

ती चार वाजायला दहा कमी असताना रुग्णालयात पोचली. यादीतल्या दुसऱ्या माणसाला तोवर आत नेले होते.

नानासाहेब त्या बंद गाडीत टोचन गाडी येईपर्यंत बसून होते. शेजारच्या सीटवर मंजिरीची बाटली होती. तिसऱ्या खुणेपर्यंत पाणी शिल्लक होते. दिवसभर त्यांचा घसा कोरडा पडला होता, पण त्यांनी तिला हात लावला नाही.

मंजिरी भाद्रपदात गेली. तोवर दुसरा फोन आला नाही.

मधल्या पाच महिन्यांत गाडी रोज रात्री पोर्चमध्ये लागत होती. नानासाहेब दोन-दोनदा उठून लाल दिवा जळतो आहे ना ते बघून येत. सकाळी ते विचारत, "किती झाली?" देवेंद्र सांगे, "शंभर." त्या शब्दाचा त्यांना धसका बसला होता, पण न विचारणे त्याहून वाईट दिसले असते. सांगायचे त्यांनी तीनदा ठरवले. एकदा फाटकापर्यंत गेले आणि "बाकी काय?" विचारून परत आले. एकदा मंजिरीच्या दिवसांत, देवेंद्र भिंतीला टेकून बसला होता तेव्हा शेजारी जाऊन बसले, तर त्यानेच विचारले, "नाना, गुडघे कसे आहेत?" तिसऱ्यांदा कागदावर लिहिले. "चि. देवेंद्र यास" याच्या पुढे एकच वाक्य होते. तो कागद त्यांनी लक्ष्मीबाईंच्या फोटोमागे ठेवला. तो अजून तिथे आहे.

दिवाळीनंतर देवेंद्रने दुकान दिले, गाडी विकली आणि जळगावला बहिणीकडे जायचे ठरवले. सामान टेम्पोत चढत असताना तो फाटकाशी आला. हातात चार्जिंगची पिवळी वायर नीट गुंडाळलेली होती.

"ही ठेवून जाऊ का? गाडी घेणाऱ्याकडे त्याची स्वतःची आहे. तुमच्या कामाला येईल."

"ठेव."

त्याने ती पोर्चमधल्या खिळ्याला अडकवली. थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नानासाहेबांच्या तोंडाशी तो शब्द पुन्हा आला होता. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"आलो रे भिया!" देवेंद्र तिकडे ओरडला आणि मग पायरी उतरता उतरता म्हणाला, "नाना, इथलं बटण मी बंद केलं आहे."

"हो," नानासाहेब म्हणाले. "बरं केलंस."